साडेसहाशे वॉटचं वजन

माझ्या मामाला अख्खा बाजार तराजू म्हणायचा. मामीसुद्धा चिडली की म्हणायची, "त्या तराजूला सांगा, जेवण गार होतंय." कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उंच गिऱ्हाईक आत शिरलं की आपोआप मान खाली घालून उभं राहायचं, आणि मामाची समजूत अशी की लोक आपल्याला मान देतात.

नाव पडलं ते पॉवर सप्लायमुळे. कॉम्प्युटरच्या डब्यात कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी असते, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारी. ती घेताना लोक लेबल वाचतात. मामा वाचायचा नाही. "पाचशे वॉट लिहायला शाई लागते, द्यायला तांबं लागतं," म्हणायचा. मग डाव्या हातात एक खात्रीचा सप्लाय, उजव्या हातात नवा, आणि डोळे मिटून उभा. हलका लागला की परत. बावीस वर्षांत त्याचा हात चुकला नव्हता. लहानपणी आम्ही भावंडांनी एकदा बंद टॉर्च त्याच्या हातात देऊन विचारलं होतं, आत सेल किती? "तीन. त्यातला एक गेलेला." गेलेला सेल त्याने आमच्या तोंडांवरून ओळखला होता, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करून त्यातून माणसांना फिरवून आणायचं तिचं काम. ऑफिसात तिने केलेल्या प्रत्येक कामाखाली साहेबांचं नाव यायचं, म्हणून एक दिवस नोकरी सोडून घरी बसली. अकरा महिने एका इस्पितळाचा लहान मुलांचा विभाग रचत होती. कोणत्या पलंगावरून खिडकीतलं झाड दिसेल, इथवर. शुक्रवारी ते इस्पितळवाल्यांना दाखवायचं होतं. पसंत पडलं तर काम तिचं, आणि खाली नाव तिचं.

पण पडद्यावर चित्र उभं करणारं जुनं ग्राफिक्स कार्ड थकलं होतं. दार उघड म्हटलं की कॉम्प्युटर विचार करत बसायचा. तिने नवं कार्ड आणलं, चांगलं विटेएवढं. त्याला विजेच्या दोन जाड वायरी लागत होत्या आणि जुन्या सप्लायला होती एकच.

मामाने खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. "कार्ड खाणार अडीचशे. प्रोसेसर सव्वाशे. पंखे, डिस्क, बाकीची पोरंबाळं पाऊणशे. झाले साडेचारशे. आणि तुझा सप्लाय आहे बरोबर साडेचारशेचा. म्हणजे हा घोडा रोज जीव तोडूनच पळणार. साडेसहाशेचा घालू."

नेहमीच्या कंपनीचा साडेसहाशेचा संपला होता. पुरवठादाराने दुसराच पाठवला होता. मामाने दोन्ही हातांत दोन पेट्या धरल्या, डोळे मिटले. मी फोन काढला. "मामा, याच्याबद्दल लोक काय लिहितात बघू का?"

"बघ की, शहाण्या. आणि लोकांना हेही विचार, माझं नाक माझ्याच तोंडावर आहे ना."

ताई हसली. मीही हसलो आणि फोन खिशात टाकला. मला एक मिनिट लागलं असतं.

"उत्तम माल आहे," मामा म्हणाला. "भरलेला आहे."

"एक दिवस दुकानात जोरात चालवून बघतोस ना तू?" ताईने विचारलं.

"ते परक्यांसाठी गं. तुला घाई आहे आणि मला खात्री आहे. जा."

चार दिवस सगळं सुरळीत. बुधवारी दुपारी ताईने शेवटची फेरी चालू केली, दारापासून खिडकीतल्या झाडापर्यंतची. कार्ड पहिल्यांदाच पुऱ्या ताकदीने कामाला लागलं. मी शेजारी वर्तमानपत्र वाचत होतो. ट्यूबलाइट फुटावी तसा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"लाइट गेली का रे?" ताईने विचारलं. तिचा हात माउसवरच होता. डोक्यावर पंखा फिरत होता.

मामा धावत आला. कार्ड गेलं होतं, बोर्ड गेला होता, आणि दोन्ही डिस्क गेल्या होत्या. दोन ठेवायला मामानेच शिकवलं होतं: एक मेली तर दुसरी असावी. दोघींच्या तोंडात त्याच पेटीने जास्तीची वीज ओतली होती. गेलेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणारा एक माणूस होता. त्याने गुरुवारी संध्याकाळी दोन्ही पिशवीत घालून परत दिल्या. पैसे घेतले नाहीत, त्यावरूनच आम्ही समजलो. ताईच्या मेलमध्ये सात महिन्यांपूर्वीची एक प्रत सापडली. तिच्यात नुसत्या भिंती होत्या. शुक्रवारी तिने इस्पितळात फोन केला. ते फार चांगले बोलले आणि काम दुसऱ्याला दिलं.

शनिवारी मामाने आमच्यासमोर सप्लाय उघडला. आत मूठभर बारीक वायरी, नखाएवढी वेटोळी, आणि तळाशी पत्र्याखाली चिकटवलेला सिमेंटचा गोळा. साधासुधा नाही, मापून ओतलेला. मामाने तो उचकटून काढला, मग एका हातात गोळा, एका हातात रिकामी पेटी धरली. सवयीने डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"लोक लेबल वाचतात," तो म्हणाला. "लेबल वाचणाऱ्याला सिमेंट कशाला लागतं? हे माझ्यासाठी केलंय गं. माझ्यासारख्यांसाठी."

"मामा, तुला कसं कळणार होतं," ताई म्हणाली. चांगलं बोलली, पण त्याच्याकडे न बघता.

ती परत त्याच ऑफिसात जाते. साहेबांनी जुनीच खुर्ची दिली. घरी ती कॉम्प्युटरचं नाव काढत नाही, खिडकीतल्या झाडाचंही नाही. मामाचं दुकान चालू आहे. कुणी सप्लाय पुढे केला की तो हात मागे घेतो आणि म्हणतो, "फोनवर बघा, लोक काय लिहितात." गिऱ्हाइकं फोनवर बघतात आणि फोनवरच मागवतात. मीच एकदा थट्टेच्या सुरात म्हणालो, "अरे तराजू, उचलून तरी बघ." तो म्हणाला, "नको रे."

जिन्याखालचं दार आपोआप मिटतं. ते उघडं राहावं म्हणून मामाने तो सिमेंटचा गोळा तिथे ठेवलाय. सकाळी दाराला लावतो, रात्री आत घेतो. दिवसाकाठी तेवढंच काय ते उचलतो.