मोजणीचे पैसे वाचवले, त्याची गोष्ट

चहा आधी संपवून घ्या. मी सांगायला लागलो की तो तुमच्या नाकातून बाहेर येणार, आणि शर्ट खराब झाला म्हणून शिव्या मात्र मलाच! मागच्या उन्हाळ्यात मी जी माती खाल्ली ना, तशी माजलगाव तालुक्यात कुणी खाल्ली नसंल.

मला तर तुम्ही ओळखता. साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क. पंचवीस वर्षं लोकांच्या उसाचं वजन केलं, किलोचा फरक पडू दिला न्हाई. पण साहेब म्हणून कधी कुणी हाक मारली का? नाव काढू नका! "ओ काटेवाले, उरका की!" एवढीच आपली इज्जत.

तर झालं असं. आमच्या साडूचं, दत्ताचं, जेसीबी हाय. तो एक दिवस घरी आला न् म्हणला, "पाव्हणं, ज्याला बघावं तो प्लॉटिंग करायलाय. आपुन दोन एकर घेऊ, प्लॉट पाडू. त्यात तुमचं घर होईल न् माझं दुसरं जेसीबी."

घर! अठरा वर्षं झाली, आम्ही किरायाच्या दोन खोल्यांत राहतोय. माझी बायको शोभा अंगणवाडीत सेविका हाय. तिनं 'घर' ऐकलं, आत गेली, आणि दोन्ही पाटल्या आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"माझ्या आईनं घातल्यात. बँकेत तारण ठेवा. पण परत माझ्या हातात आल्या पाहिजेत."

मी म्हणलं, "तुझ्या पाटल्यांना काही झालं तर माझं नाव बदल!"

मग काय, पाटल्या तारण, माझ्या पीएफमधून उचल, दत्ताचा हिस्सा. खरेदीखत झालं. मी शंभर पानी वही आणली आणि खर्च मांडायला बसलो. एनएची परवानगी, मोजणी, जेसीबी, मुरूम, विजेचे खांब! लोक कुठं फसतात सांगू? ऐंशी गुंठे घेतले की ऐंशीच्या ऐंशी विकायचा हिशेब करतात. अरे, रस्ते कोण सोडणार? मोकळी जागा कोण सोडणार? मी सगळं सोडलं, मगच गुंठ्याचा भाव काढला. दत्ता वही बघून म्हणला, "पाव्हणं, तुम्ही कलेक्टर व्हायला पाहिजे होतं." मला बी तसंच वाटायलं होतं.

आता माझी हुशारी ऐका. तातडीच्या मोजणीची फी लई. साध्या मोजणीची कमी, फक्त तारीख उशिरा मिळती. मी साधी भरली. वाचले की न्हाई पैसे? पण पाऊस पडला की काळ्या रानात जेसीबी फसतंय. म्हणून ठरवलं, मोजणी होईल तवा होईल, सपाटीकरण आणि रस्ता आधीच उरकायचा. जागा तर माहीत होती की! ज्याच्याकडून घेतली, त्यानं मोटारसायकलवर बसल्या बसल्या हात करून दाखवली होती, "ते लिंबाचं झाड दिसतंय ना, तिथून आपलं रान सुरू."

चैत्रात आम्ही जेसीबी घेऊन गेलतो. रस्त्याकडंलाच लिंबाचं झाड. झाडाखाली एक म्हातारा, भोवती त्याची शेरडं-मेंढरं. माझ्या हातात फाईल, खिशात पेन. म्हातारा ताडकन उठला.

"रामराम साहेब!"

मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच न्हाई. मलाच म्हणला हो!

"रान सपाट करायला आलात जनू?"

"हो मामा. रस्ता बी टाकणार हाव."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "लई वाट बघितली साहेब. मला वाटलं, आता काय होत न्हाई."

त्याचं नाव गेनूमामा. मला वाटलं, बिचारा शेरडं चारतोय, जायला वाट नसंल म्हणून खूश झाला. माझा आवाज आपोआप जाड झाला. "आता काळजी करू नका मामा. आम्ही आलोय ना."

"मला किती भरावं लागन?"

मी गालातल्या गालात हसलो. म्हणलं, याला बी प्लॉट पाहिजे वाटतं! "तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे? बघू काहीतरी, तुम्ही घरचेच."

म्हाताऱ्यानं मला हात जोडले. त्या दिवसापासून रोज भाकरी, ठेचा, तांब्याभर ताक. मी वहीतला चहापाण्याचा खर्च काटून टाकला! मामा म्हणले, "साहेब, तेवढा दगडांचा ढीग काढा की." काढला. मामा म्हणले, "त्या कोपऱ्यात पाणी साचतंय." भरला कोपरा. जेसीबीचं डिझेल जळायलं, दत्ता कुरकुरायला लागला.

"पाव्हणं, ह्या म्हाताऱ्याचं कावून ऐकायलात?"

"गप बे! जुनं माणूस हाय, त्याला जमिनीची नस कळती."

खरं कारण सांगू? तो साहेब म्हणायचा ना! बस, दुसरं काही न्हाई.

मुरमाच्या गाड्यांवर गाड्या पडल्या. रस्ता असा झाला की तालुक्याला नसंल. शेवटच्या दिवशी मामांनी घरची सगळी माणसं बोलावली आणि माझा सत्कार केला. शाल, टोपी, नारळ! आणि मी? मी भाषण केलं हो! "आपल्या सहकार्याबद्दल आभारी हाव," म्हणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मृगाच्या तोंडावर मोजणीची तारीख आली. मोजणीवाले साहेब, खरे साहेब, मशीन घेऊन उतरले. मी चुन्याच्या फक्कीनं आखलेले प्लॉट कौतुकानं दाखवायला लागलो. त्यांनी मशीनमध्ये बघितलं आणि चालायला लागले. लिंब मागं पडला, माझा रस्ता संपला, तरी चालतच!

"ओ साहेब, तिकडं कुठं? रान इकडं हाय!"

ते ओढ्यात उतरले, पलीकडं चढले. तिथं अजून एक लिंब होता. त्याच्या बुडाला उभं राहून म्हणाले, "तुमची हद्द इथून सुरू होते."

"मग ते?"

त्यांनी नकाशा बघितला, कागद चाळला आणि गेनूमामांचं पूर्ण नाव वाचून दाखवलं.

मी तिथंच खाली बसलो. दत्ता जळालेलं डिझेल बोटांवर मोजायला लागला. तेवढ्यात मामाच किटली घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी तुमी शेतकी खात्याचे साहेब न्हाईत?"

"मी काट्यावर क्लार्क हाय, मामा."

"आरं देवा! म्या सपाटीकरणाचा अर्ज दिलता, मला वाटलं मंजूर झाला!"

"मग मला एकदा इचारायचं तरी!"

"साहेबाला कोण इचारतंय?" मामा म्हणले.

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. विचारल्याशिवाय दुसऱ्याचं रान उकरलं, केस बी करू शकला असता. पण तो माझ्याशेजारी मातीत बसला. त्यानं कपात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

"तुमचा पैसा मला फिटायचा न्हाई. पण तुमच्या रानाला रस्ता कुटं हाय?"

रस्ता! शंभर पानी वहीत प्लॉटमधले रस्ते होते, पण प्लॉटपर्यंत जायचं कसं, हे मी लिहिलंच नव्हतं. स्वस्तात का मिळालं होतं रान, ते तवा कळलं!

"हाच वापरा," मामा म्हणले. "टाकला तर तुमीच हाय. कागुद करून देतो." आणि दिला हो, तहसीलला येऊन सही करून दिला! मी रडलो. त्यात लाज कसली?

प्लॉट आज ना उद्या पडतील. पण सपाटीकरण पुन्हा पहिल्यापासून, आणि शोभाला सांगायचं कसं? आठ दिवस सांगितलंच न्हाई. रोज संध्याकाळी ती विचारायची, "काम कुठवर आलं?" मी म्हणायचो, "सपाट झालं सगळं."

मग आला रविवार. दार वाजलं. दारात सात-आठ शेतकरी. हातात सातबारा, आधारची झेरॉक्स, फोटो.

"साहेब हायत का?"

"कोण साहेब?" शोभा म्हणली.

"सपाटीकरणाचे. गेनूमामाचं रान फुकट करून दिलं, वर रस्ता बी टाकला. आमचे बी अर्ज घ्या म्हणावं."

दुसरा म्हणला, "वैनी, मामा म्हणतेत योजना-बिजना काय न्हाई. पण आमी दूधखुळे हाव का? स्वतःच्या पैशानं दुसऱ्याचं रान कोण सपाट करतंय?"

मी दाराआड. शोभानं वळून माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. सगळ्यांना आत बसवलं, पाणी दिलं, अर्ज नीट गोळा करून ज्याचे त्याला परत दिले.

"दादा, चहा घेऊन जा," ती म्हणली, "पण ती योजना बंद झाली. माझ्या दोनच पाटल्या होत्या."