आटलेली बांगडी

रोज सकाळी चहाआधी सरजाबाई एक हिरवी बांगडी डाव्या हातात चढवायची आणि लगेच उतरवायची. माप सव्वादोन. रेणापुरात घरोघर फिरून बांगड्या भरणाऱ्या बाईनं आधी स्वतःचा हात तपासावा, असं तिचं म्हणणं.

हात हातात आला की तिला माणूस कळायचा. शिवकन्येला सातवा महिना होता. तिचा फुगलेला पंजा दाबून सरजाबाई सासूला म्हणाली, "हिला दिवसभर उभी ठिवू नका. पाय वर करून बसवा." सासूनं त्यानंतर तिच्याकडून बांगड्या भरल्या नाहीत. सून भरत राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर धोंडाबाईचं मनगट काडीसारखं झालं होतं, पाय मात्र भरलेले. बाया हसल्या, "हिला दुष्काळ मानवला." सरजाबाईनं ओंजळभर शेंगदाणे तिच्या पदरात टाकले. "ही उपाशी सूज हाय," एवढंच बोलली.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी तिचीच बांगडी चढली, ती उतरेना.

"बांगडी आटली," ती नवऱ्याला म्हणाली.

"काच कुठं आटती?" नरसिंग म्हणाला.

"हीर आटती, तळं आटतं. काचेनंच काय पाप केलंय?"

नरसिंगनं तिच्या ताटातल्या लोणच्याच्या तीन फोडींकडे पाहिलं आणि तिला लातूरच्या बसमध्ये बसवलं.

डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. रक्तदाब वाढला होता. लघवी तपासायची होती, मीठ कमी करायचं होतं, आणि हात आणखी सुजायच्या आत बांगडी फोडायची होती.

"माझा माणूस समोर धडधाकट उभा हाय," सरजाबाई नर्सला म्हणाली. "त्याच्यादेखत फोडता व्हय? साबण द्या."

मग अर्धा तास ती बाकावर हात वर करून बसली.

"मावशी, कुणाला हाक मारायलीस?" येणारेजाणारे विचारत.

"सूज उतरवायली," नरसिंग प्रत्येकाला सांगे.

शेवटी साबण लावून, अंगठ्याचं मूळ आत दाबून, डोळे मिटून तिनं बांगडी ओढली. अख्खी निघाली. आपणच वाचलो अशा चेहऱ्यानं नरसिंगनं ती खिशात ठेवली.

परतताना बसमधून रेणापूर दिसू लागल्यावर ती म्हणाली, "लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठिवा."

थोड्या वेळानं म्हणाली, "पर लई वर नगं."