चेपलेली वाटी
बाळा, फोन नीट कानाला लाव. फोनवर नुसतं ‘येते, येते’ म्हणतेस, महिना झाला की गं! आज खिरीला वेलचीचा वास सुटला आणि तुझी आई शाळेत असतानाची, अंबरनाथच्या चाळीतली बुद्धपौर्णिमा आठवली. आमच्याच समाजातली शेजारीण छातीतली कॅन्सरची गाठ काढून आली होती, पदर घट्ट लपेटून खिरीला आली. तो रोग शिवण्याने पसरतो असं मी धरून बसलेली. सगळ्यांना घरातल्या वाट्या, तिला मात्र फेकायला काढलेली चेपलेली वाटी दिली. तिने ती फिरवून पाहिली आणि म्हणाली, “ताई, आपल्या आज्यांना गावात करवंटीत चहा मिळायचा. तुम्ही वाटी तरी दिलीत.” खीर संपवली, वाटी स्वतः घासून उंबऱ्याबाहेर उपडी ठेवली, पुन्हा कधी आली नाही. पावसाळा संपायच्या आत गेली. परवा तू तुझ्या लॅबमधलं सांगितलंस, प्रथिनांवर ताबा ठेवणारी काही एन्झाइम बिघडली की गाठीतल्या पेशी सुटतात आणि त्याच अंगात दुसरीकडे घर करतात, शेजाऱ्याच्या अंगात नाही.  त्या शेजारणीची लेक बदलापूरला मांजर्लीत असते. तिच्यापुढे हे कबूल करायचंय, पण एकटीने जायला मन धजत नाही. या रविवारी ये ना गं.