एक जूनचे सगळे डिलीट

"मनीषा, हा डेटा माणसांचा नाहीच," अनिकेत सर स्क्रीनवर म्हणाले. "कोणीतरी बसून खोटा भरलाय. निम्मी यादी एकाच तारखेला कशी जन्मेल?"

"सर, आमच्याकडे निम्मे लोक एक जूनलाच जन्मतात."

ते हसले नाहीत. मीही गंमत करत नव्हते.

अनिकेत सर माझे बॉस. ते पुण्याच्या ऑफिसात बसतात आणि मी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला, निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांच्या घरी, माडीवरच्या खोलीत. लाइट असली की मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असते. लाइट गेली की गुरुजींची पोरगी.

काम होतं बुलढाण्याच्या एका ट्रस्टचं. ट्रस्ट मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर घेतो. त्याच्या नोंदणीचं ॲप आमच्या कंपनीने बनवलेलं. गावोगावचे कार्यकर्ते आधार कार्ड बघून नाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाइल भरतात. एका माणसाची माहिती म्हणजे एक रेकॉर्ड. हे सगळे रेकॉर्ड क्लाउड डेटाबेसमध्ये जातात. नाव ढगाचं असलं तरी वर काही नसतं, कुठेतरी दूर भाड्याने घेतलेली कॉम्प्युटरं असतात आणि आपण इथून त्यांना कोडमधून हुकूम सोडतो.

मागच्या शिबिरात काही हुशार लोकांनी बोगस नावं टाकून नंबर अडवले होते. म्हणून यंदा ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी फर्मान काढलं होतं, की यादी धुऊन स्वच्छ पाहिजे. भाऊसाहेब मूळचे जानेफळचे. आता राहतात बुलढाण्यात आणि दिसतात प्रत्येक चौकातल्या बॅनरवर. स्वच्छ कशी करायची हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते अनिकेत सरांनी एका दुपारात शोधून काढलं.

"सोपी कंडिशन आहे," ते म्हणाले. "जिथे जन्मतारीख एक जून, तो रेकॉर्ड डिलीट. साल कुठलंही असो."

कंडिशन म्हणजे अट. डेटाबेसला नुसतं 'डिलीट कर' म्हटलं तर तो सगळंच साफ करून मोकळा होतो, विचारत बसत नाही. म्हणून अट घालतात, की ज्यांच्या बाबतीत हे खरं असेल तेवढेच काढ. अट बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्याला कळावं अशी अपेक्षा असते.

मी सरांना समजावून सांगितलं. आमच्या भागात जुन्या पिढीची जन्मतारीख दवाखान्यात ठरत नव्हती, शाळेत ठरायची. बाळंतपणं घरी व्हायची. पोरगं शाळेत घालायला आणलं, की गुरुजी विचारायचे, केव्हाचा? आई सांगायची, पोळ्याच्या पुढेमागे. साल कोणाच्या लक्षात नसायचं. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं भरायला हवं, म्हणून गुरुजी मागे मोजायचे आणि एक जून लिहून टाकायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, तीच आधारवर, आणि तीच आता आमच्या डेटाबेसमध्ये.

"म्हणजे तारीख खोटीच आहे," सर म्हणाले.

"तारीख खोटी आहे. माणूस खरा आहे."

"मनीषा, क्लायंटला माणूस दाखवायचा नाहीये, डेटा दाखवायचा आहे."

डिलीट करण्याआधी एक नियम मी कधी मोडत नाही. तीच अट घालून आधी नुसती यादी काढायची आणि नजरेखालून घालायची. मी यादी काढली आणि सरांना पाठवली. वाटलं, इतकी गावं आणि इतकी आडनावं बघून तरी त्यांना पटेल. त्यांचं उत्तर आलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं? केवढा मोठा स्कॅम आहे." माझा पुरावा त्यांच्याच बाजूने उभा राहिला.

यादीत देऊळघाटची पुष्कळ माणसं होती. त्यात वसंताकाका टेलर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. माझ्या शाळेचे सगळे युनिफॉर्म त्यांनी शिवलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सुईत दोरा त्यांची बायको ओवून द्यायची. मागच्या महिन्यात त्यांनी एकाच पांढऱ्या शर्टाला एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने पिवळट दोरा घातला होता. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण परत आलंही नाही. मागच्या शिबिरात त्यांचा नंबर बोगसवाल्यांनी खाल्ला होता. यंदा लागला होता.

जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, वसंताकाकांची तारीख तुम्हीच लिहिली ना?"

"हाव. काऊन?"

"सगळ्यांना एक जून कसं लिहिलं?"

"मंग काय लिहू? त्याची माय सांगे, पोळ्याच्या सुमारास आमची कबरी गाय याली त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. आता गायीचं कॅलेंडर कुठून आणू मी?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् तुहीही एक जूनच हाय. दिवाळीत झाली तू. पण वर्ष वाया गेलं असतं तुहं."

म्हणजे सरांच्या हिशेबाने मीही स्कॅमच होते. आणि स्कॅमचा सूत्रधार माझ्यासमोर बसून मिरचीचा ठेचा खात होता.

सरांनी दुपारी लेखी मेल केला. लेखी मेल आला की वाद संपतो, ही आमच्याकडची लोकशाही. मी त्यांना फोन करून एवढंच म्हटलं, की रेकॉर्ड पुसत नाही, सॉफ्ट डिलीट करते. म्हणजे रेकॉर्ड जागेवरच ठेवायचा, त्यावर 'रद्द' अशी खूण करायची, आणि खुणेचे रेकॉर्ड कोणाला दाखवू नको असं ॲपला सांगायचं. क्लाउडमध्ये एकदा पुसलेलं सहज परत येत नाही. कचऱ्याची टोपली नसते तिथे.

"कर तसं," सर म्हणाले. "दिसलं नाही म्हणजे झालं."

मी कोड चालवला. डोळ्याची पापणी लवायच्या आत अर्धा जिल्हा रद्द झाला. रिकाम्या झालेल्या जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेटिंगवाल्यांना जाणार होत्या. तोवर सरांना कसं वळवायचं, याचाच मी विचार करत बसले. काही सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र मी सरांना आधीच सांगितली होती. त्यांनी ऐकून सोडून दिली होती. रद्द झालेल्या प्रत्येकाला सिस्टिम दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप एसएमएस पाठवते.

सकाळी वसंताकाका मोबाइल घेऊन दारात उभे. अंघोळ करून, टोपी घालून आले होते.

"ताई, हे वाच बरं. ऑपरेशनची तारीख आली वाटते. मी दुकानावर पाटी लावून आलो, डोळ्याच्या कामासाठी बंद हाय म्हनून."

मी वाचलं. "आपली नोंदणी संशयास्पद आढळल्याने रद्द करण्यात आली आहे."

मला हे वाचताना इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. कोड मीच चालवला होता. काकांनी टोपी सारखी केली.

"संशय कायचा हाय? मले दिसत नाही, याचा?"

"नाही काका. तारखेचा."

"तारीख तं गुरुजीनं लिहेल हाय." त्यांनी आत बघितलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला. "मंग काय, पाटी काढू का आता?"

"राहू द्या पाटी," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले ते मलाही माहीत नव्हतं.

तो जोर दुपारी आला, आणि भलत्याच बाजूने. अनिकेत सरांनी तातडीची व्हिडिओ मीटिंग लावली. जॉइन होऊन बघते तर समोर खुद्द भाऊसाहेब. बॅनरवर हसतात तसे हसत नव्हते. शिबिराचं उद्घाटन स्वतःच्या डोळ्यापासून करायचं, फोटो काढायचे, लोकांची भीती घालवायची, असा त्यांचा बेत होता. म्हणून यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच घातलं होतं. आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांनाही एसएमएस आला होता.

एरवी भाऊसाहेब माइकसमोर अगदी शुद्ध बोलतात. त्या दिवशी माइक नव्हता.

"माह्याच शिबिरात माहाच नंबर कटला? काऊन?"

"सर, सिस्टिमला आपली जन्मतारीख थोडी संशयास्पद वाटली," अनिकेत सर म्हणाले.

"दरसाल एक जूनले माहे बॅनर लागते. साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय माही तारीख. तुमच्या सिस्टिमलेच माहीत नाही?"

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "मनीषा, साहेबांचा एक रेकॉर्ड आत्ता लगेच रिस्टोअर कर."

रिस्टोअर म्हणजे परत आणणं. एकट्याचं नाव अटीत घालून एकट्याला परत आणणं हे सेकंदाचं काम. पण वसंताकाकांची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी शक्य तितक्या सरकारी आवाजात बोलले.

"करते सर. फक्त रिस्टोअरचं कारण सिस्टिममध्ये लिहावं लागतं, आणि ते प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याला दिसतं. काय लिहू? अध्यक्षांची एक जून खरी, बाकी गावांची खोटी, असं लिहू?"

हे खरंच होतं. कारणाचा रकाना सरांनीच पारदर्शकतेसाठी बनवून घेतला होता.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाकीचे म्हंजे किती लोक हायेत?" त्यांनी विचारलं.

"निम्मी यादी, साहेब. सगळ्या तालुक्यांतली. एकेकाच्या घरात पाच-पाच मतं असतील."

मतांचं मी उगाच बोलले नव्हते. साहेबांना मोतीबिंदू होता, तरी ते त्यांना स्वच्छ दिसलं.

"सगळ्याइले घ्या परत," ते म्हणाले. "लोकाइत चुकीचा मेसेज जाते."

मेसेज सकाळीच गेला होता, पण मी वाद घातला नाही. तीच अट उलटी वापरली. जिथे जन्मतारीख एक जून आणि खूण रद्दची, तिथली खूण काढ. अर्धा जिल्हा होता तिथे परत आला. वेटिंगच्या वाटपाला अजून अवकाश होता. बोगस कोण ते कसं शोधायचं, असं सरांनी मग विचारलं. मी म्हटलं, एकाच मोबाइल नंबरावर दहा-दहा नावं आहेत ती बघू. तसं बघितल्यावर थोडे सापडले. त्यांच्या जन्मतारखा मात्र एकदम नीटनेटक्या, वेगवेगळ्या होत्या. खोटं लिहिणारा तेवढी काळजी घेतोच.

शिबिर झालं. भाऊसाहेबांचा डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेला फोटो चौकात लागला. त्यांच्या मागे स्टुलावर बसलेली एक टोपी अर्धवट दिसते, ती वसंताकाकांची. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या शिबिरात होणार होतं. अनिकेत सरांनी कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये 'एका क्लिकमध्ये रिस्टोअर' हे नवीन फीचर म्हणून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. सॉफ्ट डिलीट कोणाची कल्पना होती, ते स्लाइडवर मावलं नसावं.

मी यातून एक धडा घेतला. अट लिहिली की तिच्यात कोणकोण बसतं ते आधी बघायचं. गरिबातले गरीब बसत असतील तर यादी काढून सावध करायचं. त्याने काही होत नाही. एखादा मोठा माणूस बसत असेल, तर निर्धास्त राहायचं. त्याच्याएवढा भरवशाचा बॅकअप अजून कोणत्या क्लाउडमध्ये मिळत नाही.

पुढे सरांना आणखी एक कल्पना सुचली. शिबिराच्या प्रत्येक रुग्णाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. एक जूनला सिस्टिमने निम्म्या जिल्ह्याला एकदम एसएमएस पाठवला.

त्या सकाळी वसंताकाका पुन्हा मोबाइल घेऊन दारात. या वेळी त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि एकेक अक्षर सुट्टं करत स्वतः वाचला.

"आपल्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." त्यांनी वर बघितलं. "ताई, हे चुकलं हाय. मी पोळ्याचा हाय. दुरुस्त करून घे."

"करू काका," मी म्हणाले. "पण दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ द्या आधी. तोवर भाऊसाहेबांच्याच तारखेला जन्मलेले बरे."