हिरव्या टिकल्या

आमच्या कोपऱ्यावर सायकलमामा बत्तीस वर्षं पंक्चर काढत होते. पत्र्याची टपरी, पाण्याचं घमेलं आणि एक मोडका बाक, त्यावर बसून अर्धी वस्ती एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. घराची किल्ली ठेवायची मामांकडे, निरोप ठेवायचा मामांकडे. माणूस तोंडाचा फटकळ. ब्रेक न तपासता कोणी सायकल नेली, की "विमा काढलाय का?" म्हणून विचारायचे.

मग वस्ती नव्याने घडवायची टूम निघाली. गाड्या कमी, सायकली जास्त, आणि सगळं म्हणे लोकांना विचारून. शाळेत सभा झाली. मी तिथली निवृत्त शिक्षिका, म्हणून टिकल्या वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नकाशावर आवडत्या जागेला हिरवी टिकली लावायची, नकोशा जागेला लाल, असं मी चार-चारदा समजावलं. मामांच्या कोपऱ्यावर हिरव्या टिकल्यांची दाटी झाली. त्यांनी पँटला हात पुसले आणि लाजत स्वतःचीही एक लावली. शेजारच्या दारूच्या दुकानावर लालच लाल.

नकाशा कचेरीत गेला. तिथे हिरवा रंग बागेचा आणि लाल दुकानांचा, हे आधीपासून ठरलेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दारूचं दुकान राहिलं. टपरी एका सकाळी ट्रकमध्ये गेली. मी तीन अर्ज केले, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: लोकांची मागणी आता बदलता येणार नाही. असा संताप आला, पण काढायचा कोणावर?

आता तिथे बाग आहे. बाजूने सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता आहे, आणि पंक्चर झाली की सायकल तासभर ढकलत न्यावी लागते. मामा एका गोदामात खोकी उचलतात. वस्तीत कोणाशी बोलत नाहीत.

परवा ते बागेच्या फाटकाशी दिसले. 'नागरिकांच्या इच्छेनुसार' ही पाटी वाचत होते.

"मामा, तुम्ही जावंत असं कोणालाच वाटत नव्हतं," मी म्हटलं, आणि रंगांचा सगळा घोळ सांगितला.

त्यांनी पाटीवरची नजर माझ्याकडे वळवली.

"तुम्ही नीट समजावलं होतं बाई," ते म्हणाले. "म्हणून तर सगळ्यांनी बरोबर लावल्या."