फक्त अध्यक्षांसाठी

परवा टीव्हीवर बातमी आली, की अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांची वर्षानुवर्षं कुलपात असलेली कागदपत्रं लोकांसाठी खुली झाली, आणि शारजातल्या आमच्या सोफ्यावर मी एकटाच खो खो हसत सुटलो. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचीही अशीच एक फाइल होती आणि तिच्यावर ‘फक्त अध्यक्षांसाठी’ असं लिहिलेलं होतं. ते नोकरी संपवून रत्नागिरीला परतले, आणि दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये, गरम सामोसे आणि अत्तरांच्या घमघमाटात, नव्या अध्यक्षांनी ती भर सभेत उघडली. “यल्ला, चला, आता सगळं ट्रान्स्परंट!” म्हणत ते एकेक निनावी तक्रार वाचू लागले. त्यांत माझीही एक निघाली: “गणपतीतलं शेवटचं नाट्यगीत फार लांबतं, ते अर्धं करावं.” ते नाट्यगीत दरवर्षी माझी बायको गायची, आणि ती माझ्या शेजारीच बसली होती. खाली नाव नव्हतं, म्हणून मीही निर्धास्तपणे मान डोलावली. तेवढ्यात त्यांनी जुन्या अध्यक्षांचा शेरा वाचला: “अक्षर गायिकेच्या यजमानांचं आहे. गाणं पूर्ण ठेवावं.” हॉलभर हशा उसळला. “अहो, आता चहाला सटकायचं नाही हं,” एवढंच म्हणून बायको उठली, माइकपाशी गेली आणि माझ्यावरची नजर न हलवता अख्खं गाणं गायली. त्यातलं शेवटचं कडवं मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. हल्ली ती कार्यक्रमात गात नाही, पण स्वयंपाकघरात कधी ते कडवं गुणगुणू लागली, की मी इथल्या ऐन ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा एसीची घरघर बंद करून ऐकत बसतो.