हरकतीआधी घातलेली शाल

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले. शिक्षण आठवीपाशी थांबले. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषावरून कोणत्याही साहेबाने परत केलेला नाही, हे प्रथमच नमूद करतो.

ओरगडमला मोटारींचे कारखाने उभे राहू लागले आणि चेन्नईतल्या प्रत्येक रस्त्याला रुंदीची हाव सुटली. त्याच वर्षांत वेस्ट मांबलममधल्या रुळांलगतच्या आमच्या गल्लीत नोटीस लागली. एका बाजूची घरे पाडायची, घरवाल्यांना शहराबाहेर लांब गुम्मिडिपूंडीकडे खोल्या द्यायच्या. हरकत असेल त्याने सभेत मांडावी.

त्या घरांपैकी एक माझ्या चुलत बहिणीचे. आम्ही तंजावरकडचे मराठी. ती विधवा, समोरच्या फ्लॅटांत तीन घरी स्वयंपाक करून जगणारी. गुम्मिडिपूंडीला गेली की तिन्ही घरे सुटली, हे समजायला इंजिनियर लागत नाही. मी सगळ्यांच्या वतीने हरकत लिहिली. रुळांकडची पडीक पट्टी घेतली तर एकही घर पडत नव्हते, हे नकाशासह दाखवले.

सभा लग्नाच्या हॉलमध्ये भरली. ती भरवली फ्लॅटवाल्यांच्या सेक्रेटरीने. हा पुण्याकडचा निवृत्त रेल्वे अधिकारी. माझी बहीण त्याच्याच घरी सकाळचा स्वयंपाक करी. या शहरात पाहुण्याच्या खांद्यावर जरीकाठी शाल घातल्याशिवाय सभा सुरू होत नाही. पाहुणा महापालिकेचा इंजिनियर; त्याच्यासाठी सेक्रेटरीने शाल आणली होती.

मी म्हणालो, "आधी हरकत वाचू द्या. सत्कार नंतर."

"अहो, तुम्ही अर्ज लिहा. साहेबांशी कसं वागायचं ते मला कळतं. रेल्वेत जन्म गेला माझा."

"सिग्नल पडण्याआधी गाडी सोडत होतात का तिथं?"

त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि शाल बहिणीच्या हातात दिली. जिचे घर जाणार तिनेच घातली म्हणजे साहेब विरघळतील, हा त्याचा हिशेब. तिने पदर सावरून इंजिनियरच्या खांद्यावर शाल घातली, हात जोडले. फोटो निघाला. इंजिनियरने जनतेच्या सहकार्याबद्दल आभार मानले आणि दुसरी बैठक आहे म्हणून तो निघून गेला. माझी हरकत एका कारकुनाने पिशवीत टाकली.

महापालिकेचे उत्तर आले: रहिवाशांनी योजनेचे स्वागत केले आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे.

मी तडक इंजिनियरच्या खोलीत गेलो. त्याने बसायला सांगितले नाही.

"विरोध होता, तर शाल कशाला घातलीत, ऐय्या?"

"साहेब, जप्तीला आलेल्या शिपायालाही आम्ही पाणी विचारतो. म्हणून जप्ती मान्य होते का?"

तो हसला. "चांगलं बोलता. लिहून द्या."

मी लिहून दिले. एकदा नव्हे, वरच्या प्रत्येक कचेरीत दिले. उत्तरादाखल सगळीकडून तेच छायाचित्र आले. माणसाची सभ्यता त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणारे हे शिकलेले लोक. त्यांच्या पदव्यांची मला आजही किळस येते.

लॉरी आली त्या सकाळी सेक्रेटरी खाली उतरला. मला वाटले, निदान दोन शब्द बोलेल. बहीण भांड्यांचे गाठोडे बांधत होती. तो तिच्यापाशी उभा राहून म्हणाला, "उद्यापासून आमच्या स्वयंपाकाचं कसं करायचं?"

तिने गाठ आवळली. "पहिली गाडी धरून येते, सार. तुमचं सकाळचं जेवण दुपारच्या कॉफीबरोबर वाढते."

तो विचारात पडला. खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "कॉफी आम्ही तीनला घेतो. तोवर नक्की पोचाल ना?"

त्यावर मी जे बोललो ते कोणत्याही अर्जात बसणारे नव्हते. भर गल्लीत, त्याच्या बायकोच्या देखत बोललो. आणि त्याला नीट ऐकू गेले नसावे अशी शंका आल्यावर, पुन्हा एकदा, सावकाश बोललो.